प्रोग्रॅम पडला, पण मेल आला नाही : क्रॅश रिपोर्टिंगचे ईमेल नीट कसे तपासायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत ऑफिस असलेली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी करवीर, राधानगरी, गगनबावडा तालुक्यांतल्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देते. प्रत्येक डेअरीत रॉकी लिनक्स ८ चं छोटं मशीन आहे, त्याला वजनकाटा आणि फॅट मशीन जोडलेलं आहे. प्रोग्रॅम पडला की ऑफिसला कळावं म्हणून त्या मशीनवर एबीआरटी हे क्रॅश पकडून रिपोर्ट करणारं टूल चालू केलंय. कमांड लाइनवरून टेस्ट मेल पाठवला, तो आला. नुसती ठरावीक वेळ थांबून राहणारी स्लीप ही कमांड मुद्दाम पाडून बघितली, त्याचाही मेल आला. आणि मागच्या आठवड्यात सकाळच्या संकलनात प्रोग्रॅम खरोखर पडला तेव्हा काहीच आलं नाही. संस्थेच्या सचिवांनी फोन केला तेव्हा ऑफिसला कळलं. तर चुकलं कुठे, संस्थांचं काम न अडवता हे तपासायचं कसं, आणि किती वेळा?

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय एकाच ओळीवर आहे. ईटीसीखालच्या एबीआरटी फोल्डरमध्ये पॅकेजची माहिती जतन करण्याच्या कृतीची एक कॉन्फिग फाइल असते. तिच्यात ‘प्रोसेस अनपॅकेज्ड’ नावाची सेटिंग आहे आणि ती मुळात ‘नो’ असते. म्हणजे जो प्रोग्रॅम आरपीएम पॅकेजमधून (रॉकीची प्रोग्रॅम बसवण्याची रीतसर पद्धत) बसलेला नाही, तो पडला तरी एबीआरटी त्याची नोंद टाकून देतं. स्लीप ही कमांड कोअरयुटिल्स या पॅकेजमधली, रीतसर सही असलेली. ती पडली की नोंद होते, मेल येतो. तुमचा संकलनाचा प्रोग्रॅम बहुधा टार फाइल उघडून ऑप्ट फोल्डरमध्ये ठेवलेला असणार. तो एबीआरटीच्या लेखी कुणाचाच नाही. तुम्ही आरपीएम करून बसवला असेल तरी त्याच फाइलमधली ‘ओपन जीपीजी चेक’ ही दुसरी सेटिंग बघा. ती ‘येस’ असेल आणि तुमच्या पॅकेजवर मशीनला ओळखीची सही नसेल, तरी परिणाम तोच. म्हणून तुमची चाचणी पास झाली आणि खरा क्रॅश निसटला. स्लीप पाडून जे सिद्ध झालं ते स्लीपपुरतं.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण सगळ्या उत्तराचा गाभा यातच आहे. मेलची चाचणी मेलपासून सुरू करायची नाही. ज्या प्रोग्रॅमच्या पडण्याची काळजी आहे तोच प्रोग्रॅम, संस्थेत ज्या पद्धतीने बसवलाय तसाच बसवून, ज्या युजरखाली आणि ज्या सर्व्हिसमधून चालतो तसाच चालवून पाडायचा. आणि चाचणी संपली असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा ज्या माणसाने उठून काम करायचं त्याच्या फोनवर तो मेल उघडलेला असेल. मधली एकही कडी गाळली, तर पडायची ती नेमकी तीच पडते.

ती सेटिंग बदलूनही मेल आला नाही तर आणखी तीन ठिकाणी बघा. पहिलं म्हणजे प्रोक फाइल सिस्टिममधली कोअर पॅटर्नची फाइल. प्रोग्रॅम पडताना त्याच्या मेमरीची जी प्रत निघते, म्हणजे कोअर, ती कुणाकडे द्यायची हे तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्या मजकुराची सुरुवात पाइपच्या उभ्या रेषेने होऊन पुढे एबीआरटीच्या हूकचा पत्ता हवा. दुसऱ्या कुठल्या टूलने ती जागा घेतली असेल, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, क्रॅशची माहिती एबीआरटीकडे देतच नाही. कंटेनर वापरत असाल तर लक्षात घ्या की ही सेटिंग यजमान मशीनच्या कर्नलची असते, कंटेनरची वेगळी नसते.

दुसरं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुणी स्वतःचा सिग्नल हँडलर लिहिलाय का? काट्याशी सीरियल पोर्टवर बोलणाऱ्या जुन्या सी प्लस प्लस कोडमध्ये हे फार दिसतं. सेगमेंटेशन फॉल्ट आला की लॉगमध्ये एक ओळ लिहायची आणि एक्झिट १ करून बाहेर पडायचं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण कर्नलच्या दृष्टीने प्रोग्रॅम नीट बंद झाला. ना कोअर, ना रिपोर्ट. हँडलर ठेवायचाच असेल तर लॉग लिहून झाल्यावर मूळ वागणूक परत बसवा आणि तोच सिग्नल स्वतःवर पुन्हा उठवा.

तिसरं पायथॉनचं. बिलाचा भाग पायथॉनमध्ये असेल तर त्याचं न पकडलेलं एक्सेप्शन हा कर्नलच्या अर्थाने क्रॅश नाही. त्यासाठी एबीआरटीचं वेगळं ॲडऑन लागतं आणि ते सिस्टिमच्या पायथॉनला जोडलेलं असतं. प्रोग्रॅम व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये चालत असेल तर साधारणपणे तो हूक त्याला दिसतच नाही. म्हणून दोन्ही भाग वेगवेगळे पाडून बघा. एकाचा मेल आला म्हणून दुसऱ्याचा येईल असं धरू नका.

आता पाडायचं कसं? चालू प्रोसेसला किल कमांडने ११ नंबरचा सिग्नल पाठवणं ही सोपी रीत आहे आणि पहिल्या फेरीला ती पुरते. पण त्यातून येणारा बॅकट्रेस, म्हणजे पडताना कुठलं फंक्शन चालू होतं याची यादी, प्रोग्रॅम त्या क्षणी जिथे वाट बघत बसला होता तिथला असतो. म्हणून प्रोग्रॅमच्याच पोटात एक चाचणीचा क्रॅश ठेवा: विशिष्ट नावाची फाइल विशिष्ट फोल्डरमध्ये दिसली तरच चालणारा, फॅट मशीनचं रीडिंग वाचणाऱ्या फंक्शनच्या आतला. शून्य पत्त्यावर लिहिण्याची युक्ती सगळे वापरतात, पण ऑप्टिमायझेशन चालू असलेला कंपायलर ती ओळ उडवून टाकू शकतो, कारण भाषेच्या नियमाने ती अव्याख्यात वागणूक आहे. त्यापेक्षा अबॉर्ट बोलवा, नाहीतर पॉइंटरला व्होलटाइल करा. अबॉर्टने ६ नंबरचा सिग्नल येतो. दोन्ही प्रकार एकदा तरी बघून घ्या. आलेल्या बॅकट्रेसमध्ये तुमच्या फंक्शनचं नाव आणि ओळ क्रमांक दिसतोय का ते बघा. नुसते हेक्साडेसिमल पत्ते दिसत असतील तर डीबगची चिन्हं काढून टाकलेली बायनरी तुम्ही संस्थांना दिली आहे आणि चिन्हांची प्रत ऑफिसात जपलेली नाही. असा मेल येऊनही काही उपयोग नाही.

आणखी एका गोष्टीने चाचणी करणारे हमखास गोंधळतात. एकदा पाडलं, मेल आला. पुन्हा पाडलं, आला नाही. मग कॉन्फिग उलटंपालटं करणं सुरू होतं. प्रत्यक्षात एबीआरटी तोच क्रॅश ओळखतं आणि नवी नोंद न करता जुन्या नोंदीचा आकडा वाढवतं. पहिल्या वेळी होणारी घटना वेगळी, पुनरावृत्तीची वेगळी, आणि मेल कुठल्या घटनेला जोडायचा ते इव्हेंटच्या कॉन्फिगमध्ये ठरतं. शिवाय तोच प्रोग्रॅम काही सेकंदांत पुन्हा पडला तर ती नोंद मुळातच सोडून दिली जाते. तेव्हा प्रत्येक फेरीआधी जुनी नोंद एबीआरटीच्या कमांडने काढून टाका, थोडं थांबा, मग पाडा. आणि पुनरावृत्तीची वागणूक ही वेगळी चाचणी म्हणून मुद्दाम करा, कारण खऱ्या आयुष्यात तीच जास्त घडते.

आता मेलकडे येऊ. मूळ कॉन्फिगमध्ये मेल जातो तो त्याच मशीनवरच्या रूटला. रूटचा मेलबॉक्स कुणी उघडत नाही. एबीआरटीचे रिपोर्ट पुढे पाठवणाऱ्या लिबरिपोर्टच्या प्लगइन फोल्डरमध्ये, मेल काढणाऱ्या मेलएक्सची कॉन्फिग फाइल आहे. पाठवणारा आणि घेणारा हे दोन्ही पत्ते तिथे स्पष्ट लिहा. घेणारा पत्ता एका माणसाचा नको, गटाचा हवा. नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या माणसाच्या नावावर रिपोर्ट जात राहतात आणि कुणाला पत्ता नसतो, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात लोकलहोस्ट राहू देऊ नका. तो तुमच्या स्वतःच्या डोमेनचा असू द्या आणि त्या डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या दोन खुणा) बसवलेलं असू द्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून या दोहोंपैकी किमान एक मागतं.

डेअरीतल्या ब्रॉडबँडवरून थेट २५ नंबरच्या पोर्टने जगभर मेल पाठवायचा प्रयत्न करू नका. घरगुती जोडणीचे बदलते आयपी पत्ते स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या पॉलिसी ब्लॉक लिस्टमध्ये असतात आणि बरेच मेल सर्व्हर ते दारातूनच परत पाठवतात. मशीनवरून मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रॅमला तुमच्या मेल सेवेच्या सर्व्हरकडे ५८७ वरून, लॉगिन करून, सगळं सोपवायला सांगा. जीमेलचंच खातं वापरत असाल तर साधा पासवर्ड चालणार नाही. दुहेरी पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागेल.

मेलची मांडणी बघण्यासाठी ऑफिसात मेलपिटसारखा मेल पकडणारा सर्व्हर ठेवायला हरकत नाही. १०२५ वर मेल घेतो, ८०२५ वर ब्राउझरमध्ये दाखवतो, बाहेर काही जात नाही. पण त्यात दिसलं म्हणजे पोहोचलं असं होत नाही. पोहोचण्याची चाचणी खऱ्या पत्त्यावर, खऱ्या मार्गानेच करावी लागते. पोस्टफिक्सचा लॉग वाचायला शिका. ‘सेंट’ लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ पुढच्या सर्व्हरने मेल स्वीकारला इतकाच. तो इनबॉक्समध्ये गेला की स्पॅममध्ये, ते त्यातून कळत नाही. जीमेलमध्ये आलेल्या मेलचं मूळ रूप उघडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि त्यांवर आधारलेलं डीमार्क पास झालेत का ते तिथे दिसतं, आणि प्रत्येक टप्प्यावर मेल किती वाजता पोहोचला तेही. मेल उशिरा आला तर तो एबीआरटीने उशिरा पाठवला की वाटेत अडला, याचं उत्तर त्या वेळांतच असतं.

आता आपल्या भागाची खरी अडचण. पावसाळ्यात गगनबावड्याकडे लाइन जाते, इंटरनेट जातं, आणि परत केव्हा येईल ते सांगता येत नाही. प्रोग्रॅम पडला तेव्हा नेट नसेल तर मेलचं काय होतं? तो पोस्टफिक्सच्या रांगेत बसतो. हे तपासायला डेअरीत जायची गरज नाही. ऑफिसातल्या मशीनवर फायरवॉलने ५८७ चं पोर्ट बंद करा, प्रोग्रॅम पाडा, रांग बघा. मेल ‘डिफर्ड’ म्हणून दिसायला हवा. मग पोर्ट उघडा आणि हात न लावता घड्याळ बघत बसा. नेट आल्या आल्या मेल येईल अशी बहुतेकांची समजूत असते. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये पहिल्यांदा ३०० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतं आणि प्रत्येक अपयशानंतर अंतर वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतं. म्हणजे नेट येऊन तासभर झाला तरी मेल जागचा हललेला नसेल, आणि त्यात बिघाड काहीच नसेल. तुम्हाला हे चालणार नसेल तर नेट जोडलं गेल्याबरोबर रांग ढकलणारी कमांड नेटवर्क मॅनेजरच्या स्क्रिप्टमधून चालवा, आणि तीही याच पद्धतीने तपासा.

रांगेला मुदतही असते, मूळ सेटिंगमध्ये ५ दिवसांची. एरवी ५ दिवस पुष्कळ झाले. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या आणि शिरोळकडच्या गावांची अवस्था आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वीज आणि नेट किती दिवस बंद राहू शकतं याचा अंदाज घेऊन ही मुदत ठरवा. मुदत संपली की मेल पाठवणाऱ्या पत्त्यावर परत येतो, आणि तो पत्ता कुणी वाचत नसेल तर कायमचा हरवतो. म्हणून मेल ही फक्त सूचना माना आणि रिपोर्ट डिस्कवर राहू द्या. एबीआरटीच्या जागेची मर्यादा आणि मशीनची डिस्क यांचा मेळ घाला. डिस्क भरली तर रिपोर्टही होत नाही आणि पोस्टफिक्सही नवा मेल घेत नाही, तेव्हा एकदा डिस्क मुद्दाम भरूनही पाडून बघा.

विषयाच्या ओळीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सकाळी सहाला फोनच्या पडद्यावर तेवढीच दिसते. संस्थेचा कोड, संस्थेचं नाव, कुठला प्रोग्रॅम, कुठली आवृत्ती, एवढं त्यात बसलं पाहिजे. नाव देवनागरीत टाकणार असाल, आणि टाकावंच, तर इथे दोन खड्डे आहेत. एक, तुम्ही स्वतः लॉगिन करून पाठवलेला टेस्ट मेल नीट दिसतो, कारण तुमच्या टर्मिनलला यूटीएफ-८ ची भाषा सेटिंग मिळालेली असते. एबीआरटीमागून चालणाऱ्या प्रोसेसला ती मिळेलच असं नाही. ती नुसत्या ‘सी’ लोकेलमध्ये, म्हणजे इंग्रजीपुरत्या भाषा सेटिंगमध्ये असेल तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा कचरा येतो. पुन्हा तोच मुद्दा: हाताने पाठवलेल्या मेलवरून काही ठरत नाही.

दुसरा खड्डा लांबीचा. मेलच्या हेडरमध्ये इंग्रजीबाहेरची अक्षरं सांकेतिक तुकड्यांत बांधून जातात आणि एका तुकड्याची कमाल लांबी ७५ असते. चौकटीची १२ चिन्हं वजा जाता बेस-६४ साठी ६३ उरतात, त्यांत ४५ बाइट बसतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे एका तुकड्यात १५ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘ज्योतिर्लिंग’ या एका शब्दातच १२ चिन्हं होतात. त्याच्यापुढे ‘सहकारी दूध व्यावसायिक संस्था’ एवढं लिहिलं की दोन तुकडे कधीच ओलांडले. मेल बांधणारी स्क्रिप्ट तुमची स्वतःची असेल आणि ती तुकडा अक्षराच्या मधोमध तोडत असेल, तर काही फोनवर बरोबर त्या जागी चौकोन दिसतात. म्हणून चाचणीला तुमच्या यादीतलं सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात जास्त जोडाक्षरांचं नाव घ्या. आखूड नावावर सगळंच चालतं.

वेळेचंही बघा. मशीनचा टाइमझोन यूटीसीवर राहिला असेल तर पहाटे सव्वापाचला पडलेल्या प्रोग्रॅमच्या मेलमध्ये आदल्या दिवशीचे २३ वाजून ४५ मिनिटं लिहिलेली दिसतील. ऑफिसातला माणूस कालच्या संध्याकाळच्या संकलनाचा लॉग चाळत बसेल. चाचणी दुपारी केली तर तारीख बरोबरच दिसते आणि ही गोष्ट ध्यानात येत नाही. एक चाचणी मुद्दाम पहाटे साडेपाचच्या आत करा.

मेल न येणं जसं तपासायचं, तसं फार येणंही. समजा रात्री तुम्ही सगळ्या संस्थांना नवीन आवृत्ती पाठवली आणि तिच्यात दोष आहे. सकाळी संकलन एकाच सुमाराला सगळीकडे सुरू होतं. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी, आणि पहिलं फॅट रीडिंग घेतलं की प्रोग्रॅम पडतो. सर्व्हिस चालू ठेवणारा सिस्टमडी तो पुन्हा उठवतो, तो पुन्हा पडतो. मूळ सेटिंगमध्ये १० सेकंदांत ५ वेळा उठवल्यावर सिस्टमडी नाद सोडतो. पण बहुतेक जण दोन प्रयत्नांमध्ये ५ सेकंदांचा विसावा ठेवतात, आणि मग ती मर्यादा कधीच गाठली जात नाही. मिनिटाला १२ वेळा, तासाला ७२० वेळा प्रोग्रॅम उठून पडू शकतो, तेही एका संस्थेत. एबीआरटी एका मशीनपुरता आवर घालतं, पण या गावच्या मशीनला त्या गावच्या मशीनची माहिती नसते. तुमच्या पायथॉनच्या भागातून एक्सेप्शनचे मेल थेट जात असतील तर तिथे आवर घालणारं कुणीच नाही. साध्या जीमेल खात्याला दिवसाला ५०० मेलची मर्यादा आहे. ती ओलांडली की खातं काही काळ मेल पाठवू देत नाही, आणि वेगळ्याच कारणाने पडलेल्या संस्थेचा मेलही त्यात अडकतो.

ही चाचणी मेलपिटवर करा. चार-पाच व्हर्च्युअल मशीन घ्या, सगळ्यांवर चाचणीचा क्रॅश चालू करून ठेवा आणि तासाभरात किती मेल जमले ते मोजा. तो आकडा तुमच्या संस्थांच्या संख्येने वाढवून बघा. माझं मत विचाराल तर संस्था पंचवीस-तीसच्या पुढे गेल्या की प्रत्येक मशीनने स्वतंत्र मेल पाठवणं थांबवावं. क्रॅश एका मध्यवर्ती सर्व्हरवर जमा करावेत आणि सारख्या दोषांचा एक गट करून एकच मेल काढावा. सेंट्री नावाचं टूल हे काम चांगलं करतं आणि स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. ‘नवा दोष’, ‘दुरुस्त केलेला दोष परत आला’, ‘अमुक वेळात अमुकपेक्षा जास्त वेळा’ असे वेगवेगळे नियम त्यात लावता येतात. मात्र प्रत्येक नियमाची चाचणी वेगळी. दुरुस्त झालेला दोष परत आल्याचा मेल बघायचा तर आधी तो दोष ‘रिझॉल्व्ह्ड’ करून मग पाडावं लागतं, आणि ही पायरी सहसा कुणी करत नाही. तुमचं सभासदांसाठी मोबाईल ॲप असेल आणि त्यात क्रॅशलिटिक्स हे ॲपचे क्रॅश कळवणारं टूल असेल, तर चाचणी करताना डीबगर जोडू नका आणि पाडल्यावर ॲप पुन्हा उघडा. त्याचा रिपोर्ट पुढच्या वेळी ॲप उघडल्यावरच जातो.

काही पडणं असं असतं की क्रॅश पकडणाऱ्या टूलला ते दिसणारच नाही. मेमरी संपली आणि कर्नलने प्रोसेस मारली तर तिला ९ नंबरचा सिग्नल मिळतो. त्याचा कोअर होत नाही, एबीआरटीकडे काही जात नाही. कमी मेमरीच्या मशीनवर महिनाअखेरीचे किंवा दहा दिवसांच्या बिलाचे अहवाल काढताना हे सहज घडतं. किल कमांडने ९ पाठवून बघा, मेल येणार नाही. त्यासाठी सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘ऑन फेल्युअर’ लिहून त्यातून वेगळा मेल काढावा लागतो. याच्या उलट, सर्व्हिस रीतसर थांबवली किंवा सचिवांनी मशीन नीट बंद केलं तर मेल येता कामा नये. तेही पाडून नाही, बंद करून बघा. रोज संध्याकाळी मशीन बंद होताना मेल येत राहिले तर आठवड्याभरात ऑफिसातलं कुणी ते उघडणार नाही. आणि मशीनचीच वीज गेली तर पाठवायला कुणी उरतच नाही. त्यासाठी उलटी व्यवस्था हवी: प्रत्येक मशीनने संकलनाच्या वेळेआधी ‘मी चालू आहे’ असा छोटा निरोप मध्यवर्ती सर्व्हरला द्यायचा, आणि निरोप आला नाही तर सर्व्हरने मेल काढायचा. एक मशीन बंद ठेवून हाही मेल येतो का बघा.

मेलमध्ये काय जातंय हे मी कुठल्याही चाचणीत सोडत नाही. रिपोर्टच्या फायलींमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतात आणि डेटाबेसचा पासवर्ड अनेकदा तिथेच ठेवलेला असतो. कोअर फाइलमध्ये त्या क्षणाची मेमरी असते. सभासदाचं नाव, बँक खातं, कदाचित आधार क्रमांकसुद्धा. मेलएक्सच्या कॉन्फिगमध्ये बायनरी माहिती पाठवण्याची सेटिंग आहे, ती बंदच असू द्या. नुसत्या सेटिंगवर विसंबू नका. चाचणीच्या मशीनवर एक बनावट खाते क्रमांक आणि एक बनावट पासवर्ड ठरवून भरा, प्रोग्रॅम पाडा आणि आलेल्या मेलच्या मूळ मजकुरात, जोडलेल्या फायलींतही, ते दोन्ही शोधा. सापडले तर मेल अजून बाहेर जाण्याच्या लायकीचा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी गावातल्या माणसाचं बँक खातं कुणाच्या इनबॉक्समध्ये पडून राहावं हे मला पटलं नसतं.

मग माणसाची चाचणी. आलेला मेल, ज्याने ही सगळी व्यवस्था उभी केली नाही अशा ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला त्याच्या फोनवर दाखवा आणि विचारा, आता तू काय करशील? संस्थेचं नाव, सचिवांना फोन करायचा की नाही, रिमोटने आत जायचं की आधीची आवृत्ती परत टाकायची, एवढं त्याला मेलवरून सांगता आलं पाहिजे. तो बॅकट्रेस वाचत बसला आणि संस्था कुठली हे त्याला शोधावं लागलं, तर मेलचा क्रम बदला. माणसाला लागणारी माहिती वर, यंत्राची खाली. फोनवर त्या गटाचे मेल रात्री मुके केलेले आहेत का, तेही याच वेळी बघून घ्या.

संस्थांचं काम न अडवता हे करायचं तर जवळपास सगळं ऑफिसातल्या हुबेहूब मशीनवर होतं. हुबेहूब म्हणजे तीच इमेज, तीच सर्व्हिस फाइल, तेवढीच मेमरी. त्यानंतर प्रत्येक संस्थेच्या मशीनवर एकच फेरी लागते: चाचणीचा क्रॅश, एकदा, सकाळचं संकलन संपून संध्याकाळचं सुरू व्हायच्या आधी, दुपारी. सचिवांना आधी सांगा आणि त्यांच्या होकाराशिवाय पाडू नका. काटा आणि फॅट मशीन त्या वेळी जोडलेलं असू द्या, कारण प्रोग्रॅम पडल्यावर सीरियल पोर्ट अडकून राहतो का हे तिथेच कळतं. विषयात ‘चाचणी’ हा शब्द आपोआप यावा म्हणजे खऱ्याशी गल्लत होत नाही. पण त्या शब्दावर वेगळा फिल्टर लावून मेल दुसरीकडे वळवू नका, नाहीतर खरा मार्ग तपासलाच जात नाही. चाचणी झाली की ती खुणेची फाइल काढली आहे याची खात्री करूनच मशीन सोडा.

किती वेळा? नवी आवृत्ती पाठवताना प्रत्येक वेळी, ऑफिसातल्या मशीनवर, आणि हे बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच घाला: बसवा, पाडा, ठरलेल्या वेळात मेलबॉक्समध्ये मेल आला का ते आयमॅपने बघा, नसेल तर आवृत्ती अडवा. मेलचा पासवर्ड, डोमेन किंवा सेवा बदलली की त्याच दिवशी. संस्थांच्या मशीनवर पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पुरेल. रॉकी ९ वर जायचा विचार असेल तर हे सगळं नव्याने करावं लागेल. रेड हॅटने ९ मधून एबीआरटी काढून टाकलंय आणि त्याच्या जागी सिस्टमडी-कोअरडंप दिलंय. ते कोअर जपून ठेवतं, पण स्वतःहून मेल पाठवत नाही. मेलची बाजू तुम्हालाच ‘ऑन फेल्युअर’मधून उभी करावी लागेल, प्रोग्रॅमच्या पोटातला चाचणीचा क्रॅश आणि बनावट खाते क्रमांक मात्र तिथेही जसेच्या तसे वापरता येतील.